कानशिलावरचं तेल

आनंदरावांनी घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला.

वास आला होता.

त्यांनी मान वळवली नाही. वळवली की तो जातो, असं त्यांना वाटायचं. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते तसेच बसून राहिले आणि पोळीच्या तुकड्यातलं वरण ताटात ठिबकत राहिलं. आधी माका, जरासा करपलेला. त्याच्यामागून कपूरकाचरी आणि नागरमोथा. सगळ्याच्या तळाशी उकळून गार झालेलं खोबरेल. कांताच्या केसांचा वास. कांता पावसाळ्याच्या तोंडाशी गेली होती आणि आता कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामधल्या रस्त्यांवर कडुलिंबाच्या वाळलेल्या पानांचा सडा पडू लागला होता.

"आबाजी, वरण देऊ अजून?"

नात, आम्रपाली, त्यांच्या खांद्यामागून वाकून वाढत होती.

"दे," ते म्हणाले आणि घास तोंडात घातला. त्या दिवशी त्यांनी भातही मागून घेतला.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सुनिता, त्यांची सून, हे बघत होती. सासरे नीट जेवले की तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल व्हायचा. कांता गेल्यावर पहिले काही महिने ते पाखरासारखं जेवले होते. पँटला दोरी बांधायची वेळ आली होती. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, मुलाचं, नागसेनचं, रागावणंही झालं. मग थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी त्यांनी आपणहून दुसरी पोळी मागितली, तेव्हा सुनिता पदराने डोळे पुसत गॅसपाशी उभी राहिली होती. असं का झालं, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

सांगण्यासारखं नव्हतंच. आनंदरावांनी सारं आयुष्य या हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या कोळसा भट्ट्यांवर काढलं होतं, आणि फावल्या वेळात विहाराच्या वाचनालयात. मेलेला माणूस परत येत नाही, हे त्यांनी विहारात उभं राहून कितीदा तरी समजावलं होतं. बोलताना आवाज कापायचा, कागद हातात थरथरायचा, पण मुद्दा पक्का असायचा. कांताच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुनेला सांगितलं होतं, "काही ठेवू नोको. माणूस वस्तूत राहत नाही." लुगडी वाटून झाली, चपला गेल्या, आणि तेलाची ती चपटी, रुंद तोंडाची बाटली कबाडीवाल्यासाठी ठेवलेल्या ढिगात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. अर्धी भरलेली होती. आदल्या हिवाळ्यात कांतानं अंगणात विटांची चूल मांडून शेवटचा घाणा कढवला होता, त्यातली.

आता घरात ते तेल नव्हतं आणि वास होता.

शिवाय त्यांचं नाक. भट्टीच्या धुरानं ते केव्हाच मेलेलं होतं. भाजी करपली तरी त्यांना कळत नसे. कांता म्हणायची, "तुमच्या नाकाले डांबराशिवाय काही समजत नाही. उद्या मी अत्तरात बुडून आली तरी इचारसान, कोण होय?" रात्रपाळी करून आले की डोकं ठणकायचं. मग ती त्या तेलाचे दोन थेंब त्यांच्या कानशिलांवर चोळायची. तेवढा एक वास त्या मेलेल्या नाकात जाऊन राहिला होता. म्हणूनच, दुसऱ्या कुणाला येत नाही आणि आपल्यालाच येतो, याचा अर्थ काय लावायचा, हे त्यांना कळत नव्हतं. पुस्तकांत भास, स्मृती, मेंदू असं बरंच काही होतं. ते वाचून झाल्यावरही दुपारी ताटावर बसताना ते कॅलेंडरकडे बघत वाट पाहायचे. येईल का आज?

रोज यायचा नाही. सुनिता वाढत असली तर कधीच नाही. आम्रपाली वाढायला असली की बहुतेक वेळा यायचा. कांताचा नातीवर भारी जीव होता. तिच्या पाठोपाठ येत असेल, असा विचार त्यांच्या मनात आला, तेव्हा ते एकटेच होते तरी लाजले.

*

त्याच हिवाळ्यात आम्रपालीचा चेहरा बिघडत गेला.

आधी कपाळावर, केसांच्या कडेनं, बारीक पुरळ. मग कानशिलांवर लाल, टणक गाठी, हात लागला तरी दुखणाऱ्या. मग उजव्या गालावर. सुनितानं कडुलिंबाचा पाला वाटून लावला. मुलतानी माती लावली. हळद आणि बेसन लावलं, तेव्हा पोरगी दोन दिवस पिवळी दिसत होती. शेजारच्या सिंधुताईंनी जायफळ उगाळून लावायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "लग्न झालं का जातात आपोआप. आमच्या टायमाले तं हे पिंपल-बिंपल नव्हतेच."

"होते सिंधुताई," सुनिता म्हणाली. "आरसे नव्हते."

कारखान्याच्या रेल मिलमधून आलेला नागसेन बूट काढता काढता हसला. पण पुढच्या आठवड्यात त्यानंच कुठल्याशा मेडिकलवाल्याला विचारून एक ट्यूब आणली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. पहिले काही दिवस जादू झाली. चेहरा उजळला, गाठी बसल्या. नागसेन ड्यूटीवर जाताना शीळ घालायला लागला. मग ट्यूब संपायच्या आत सगळं उलटलं. गाल भाजल्यासारखे लाल झाले आणि उन्हात गेलं की आग व्हायला लागली. बसलेल्या गाठी दुपटीनं वर आल्या.

"पप्पा, तुम्ही ना, रहने दो," एवढंच आम्रपाली म्हणाली. नागसेन नंतर बराच वेळ मोरीत हात धूत राहिला.

तेव्हापासून ती घरातही ओढणी तोंडाभोवती गुंडाळून फिरायला लागली. बैठकीतल्या आरशावर तिनं निळा टॉवेल टाकला. कुणी काढला की परत टाकायची. संध्याकाळी दिवा लागायच्या आधी आनंदराव खोलीत आले की भिंतीवर ती झाकलेली, माणसाच्या उंचीची आकृती दिसायची आणि त्यांचं पाऊल अडखळायचं. मागच्या वर्षी विहारात जयंतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिनं केलं होतं, न अडखळता. आजोबांना जे कधी जमलं नव्हतं ते. या वर्षी मंडळाचे लोक विचारायला आले तेव्हा ती आतून बाहेरच आली नाही.

"वर्गातली पोरं काही म्हणतात का तुले?" आनंदरावांनी एकदा विचारलं.

"नाही."

"मग?"

"नावावरून बोलतात." ती ओढणीआडून म्हणाली. "कहते हैं, आम्रपाली, तेरे आम पर तो कीड़ा लग गया."

नाव आनंदरावांनी ठेवलं होतं. पुस्तकातून शोधून. त्या रात्री त्यांनी वाचायला घेतलेलं पुस्तक उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्यांना वाढलं, वास आला, आणि ते जेवले.

*

स्मृति नगरात त्वचेच्या एक डॉक्टर मॅडम बसतात, असं सुनिताला अंगणवाडीत कुणी तरी सांगितलं. नंबर लागला तो नेमका तिच्या मीटिंगच्या दिवशी, आणि नागसेनची पहिली पाळी. आनंदराव म्हणाले, मी नेतो. म्हणाल्यावर त्यांना भीती वाटली. डॉक्टरांशी बोलायचं काम नेहमी कांता करायची.

ऑटोत आम्रपाली बाहेर बघत बसली होती. डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत.

"घाबरून राहिली का?"

"तुम्हीच घाबरले आहे, आबाजी. चष्मा पुसून राहिले कधीचे."

त्यांनी चष्मा लावला.

मॅडम तरुण होत्या, बोलणं थोडं आणि सरळ. "स्कार्फ हटाओ, बेटा," त्या म्हणाल्या. आम्रपालीनं आजोबांकडे पाहिलं, मग गाठ सोडली आणि ओढणी एका झटक्यात मानेवरून ओढून मांडीवर घेतली. डोक्यावर पंखा फिरत होता.

आणि वास आला.

माका. कपूरकाचरी. नागरमोथा. पंख्याच्या वाऱ्याबरोबर सरळ त्यांच्या तोंडावर.

आनंदराव खुर्चीचा हात धरून बसले. कांता या खोलीत कधी आली नव्हती. स्मृति नगरच्या या बाजूला तिनं पाऊलही टाकलं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदाच मान वळवली. वास गेला नाही. तो ओढणीत होता, नातीच्या मांडीवर, आणि तिच्या कानशिलांपाशी, जिथं मॅडम आता भिंग धरून बघत होत्या.

"सब हेयरलाइन पर है, टेम्पल्स पर," मॅडम म्हणाल्या. "और एक ही गाल पर. दाहिनी करवट सोती हो?"

"हाँ."

"बालों में तेल लगाती हो? माथे पर, कान के पास?"

"नहीं मैम."

"कभी नहीं?"

"नहीं."

मॅडमनी भिंग बाजूला ठेवलं. "कुछ महक तो आ रही है."

"मम्मी का दुपट्टा है," आम्रपाली म्हणाली. "वही तेल लगाती हैं."

सुनिता तेल लावत नसे. तिला त्यानं सर्दी व्हायची. मॅडमनी आनंदरावांकडे एक नजर टाकली, घरातलं मोठं माणूस काही बोलतं का हे पाहावं तशी. आनंदरावांचे ओठ हलले. ते बोलायला हवं होतं हे त्यांना कळत होतं. पण घशाशी आलेल्या शब्दांच्या पाठीमागे दुपारचं ताट होतं, कॅलेंडर होतं, खांद्यामागून वाकणारं कुणीतरी होतं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मॅडम सांगत गेल्या. ती मेडिकलवाली ट्यूब सगळ्यात आधी बंद, तिच्यात नको ते औषध मिसळलेलं असतं. साध्या फेसवॉशनं दोनदा चेहरा धुवायचा, घासायचा नाही. सकाळी एक जेल, त्यानं टॉवेलाचा रंग उडेल, घाबरू नका. रात्री दुसरं, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. सुरुवातीला कातडी सोलेल. महिना-दोन महिने तरी काही दिसणार नाही. जादू कशातच नाही. बहुतेक मुलींना एवढ्यानं भागतं.

"लेकिन तुम्हारा बहुत बढ़ गया है, और तेल भी कारण नहीं है, तो मतलब अंदर से है," त्या म्हणाल्या. "बगल में लैब है, खून जाँच करवा लो. रिपोर्ट ठीक आई तो कैप्सूल शुरू करेंगे. होंठ बहुत सूखेंगे. बीच-बीच में फिर जाँच होगी. लंबा चलता है."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कॅप्सूल चालू असताना मुलीनं काय काय सांभाळायचं असतं ते तिला हलक्या आवाजात सांगितलं. आनंदराव भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे बघत राहिले. एकेका केसाच्या मुळाशी तेलाची एकेक पिशवी काढलेली होती, तोंड बंद झालेली, फुगलेली.

*

लॅबमधल्या मुलानं आम्रपालीची बाही वर केली आणि दंडाला रबरी पट्टा आवळला.

"मुट्ठी बंद करो."

तिनं मूठ बंद केली आणि डोळेही. लहानपणी लस टोचताना ती असंच करायची, आणि तेव्हा कांता तिच्या डोळ्यांवर आपला तळवा ठेवायची. आनंदरावांनी नकळत हात पुढे केला. तळवा तिच्या कपाळाला लागला. बोटांना ओलसर, चिकट काही तरी लागलं.

"थांबा," ते म्हणाले.

मुलगा सुई हातात धरून थांबला.

"पट्टा काढा. अभी नहीं. थोड़ा रुककर."

बाहेर पायऱ्यांवर सावली होती. तिथं ती दोघं बसली. आम्रपालीनं ओढणी पुन्हा गुंडाळायला घेतली, पण त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, म्हणून ती तशीच राहिली. समोरून शाळेची एक बस गेली. बस पूर्ण जाईपर्यंत तिनं मान खाली घातली.

"आजीची बाटली कुठं आहे?" आनंदरावांनी विचारलं.

तिनं मांडीवरच्या ओढणीची घडी घातली.

"माझ्या कपाटात," मग म्हणाली. "कबाडीवाला येण्याच्या आधी काढून घेतली."

"अन् लावते?"

"थोडंसंच. यहाँ." तिनं स्वतःच्या कानशिलाला बोट लावलं. "आजी लावायची तसं. सकाळच्या शाळेतून आली की."

"कावून?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, हे कसं विचारता, अशा नजरेनं.

"मले आठवण येत होती म्हणून लावलं, पहिल्यांदा. ऐसे ही. मग तुमाले वाढायला आली. तुमी घास असा धरला," तिनं हात तोंडाशी नेऊन दाखवला, "अन् कितीक वेळ तसेच बसले. मले वाटलं, आता पकडलं, आता रागावतील, मी वस्तू ठेवली म्हणून. पर आपने एक और रोटी माँगी. आबाजी, मम्मी किचनमधे रडून राहिली होती."

आनंदराव रस्त्याकडे बघत होते.

"मग दुसऱ्या दिवशी नाही लावलं," ती म्हणाली. "तं तुमी नाही जेवले. मग परत लावलं."

"चेहऱ्याले तेल चालत नाही, हे माहीत होतं तुले?"

"मोबाइलवर पाहिलं होतं." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पण पिंपल तं सगळ्यांलेच होतात. सिंधुताई तं म्हणाल्याच, जातात."

कोक ओव्हनच्या झाकणांवर उभं राहून काम करताना पायाखाली जमीन तापायची आणि बुटातून ती आच हळूहळू वर यायची, तसं काहीतरी त्यांना जाणवलं. इतके महिने खांद्यामागून वाकणारी ही होती. हिच्या कानशिलावर एकेक गाठ उठत होती आणि आपण भात मागून घेत होतो.

ते उठले. गुडघा कटकन वाजला.

"चाल."

"कुठं? लॅबमधे?"

"मॅडमकडे."

"आबाजी, मत बताओ ना." तिनं त्यांची बाही धरली. "मी कॅप्सूल खाईन. कुछ नहीं होता कैप्सूल से."

त्यांनी बाही सोडवून घेतली नाही. तशीच तिला घेऊन ते आत गेले.

बाकावर आठ-दहा माणसं बसली होती. "अंकल, आपका तो हो गया," दारातला माणूस म्हणाला. आनंदराव दोन मिनिटं, दोन मिनिटं, असं पुटपुटत तसेच पुढे सरकले. दार अर्धं उघडं होतं. आत दुसरी पेशंट बसलेली होती. विहारात कागद हातात असूनही ज्याचा आवाज कापायचा, तो माणूस सगळ्यांच्या देखत दारातूनच बोलला.

"मॅडम, तेल लगाती है. घर का तेल है, नारियल का. बहुत महीने से." ते थांबले. "मेरे वास्ते लगाती है."

बाकावरची माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मेरे वास्ते म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. आम्रपालीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग हात पुढे करून चिठ्ठी मागून घेतली आणि खालच्या दोन ओळींवर काट मारली.

"खून जाँच अभी नहीं," त्या म्हणाल्या. "तेल बंद. तकिए का कवर, दुपट्टा, सब गरम पानी से धोओ. दो महीने जेल लगाकर दिखाओ, फिर सोचेंगे कैप्सूल का." आणि मुलीला उद्देशून, हळूच, "डॉक्टर से झूठ नहीं बोलते, बेटा."

*

घरी आल्यावर आम्रपालीनं कपाटातून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. तळाशी चार बोटं तेल उरलं होतं. त्यांनी ती आपल्या पुस्तकांच्या फळीवर मागच्या बाजूला ठेवली. सुनितानं उशीचा अभ्रा आणि ओढणी कढत पाण्यात भिजवली. सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिच्या मनात घोळत असावं. ती बराच वेळ ते कपडे पिळत राहिली.

"मले कसं नाही समजलं, मामाजी," ती म्हणाली. "घरात असून."

"मले तरी कुठं समजलं," ते म्हणाले.

घर रिकामं असताना एका सकाळी त्यांनी पुस्तकं बाजूला सारून बाटली काढली. झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं. माका होता, कपूरकाचरी होती, सगळं होतं. डोळे मिटून ते वाट पाहत उभे राहिले. काही झालं नाही. बाटलीत नुसतं तेल होतं. त्याला कुणाच्या तरी अंगाची ऊब हवी होती. झाकण घट्ट लावून त्यांनी बाटली परत ठेवली आणि त्यानंतर कधी काढली नाही.

दुपारी मात्र त्रास व्हायला लागला. ते ताटावर बसायचे, पोळी मोडायचे, घास तोंडात फिरत राहायचा. त्यांना जेवायचं होतं. नातीसाठी जेवायचं, असं ठरवूनच ते बसायचे. पण ताट अर्धं उरायचं. आम्रपाली ते उचलून नेताना उरलेल्या पोळीकडे बघायची.

जयंती आली आणि गेली. सूत्रसंचालन दुसऱ्या कुणी तरी केलं. आम्रपाली विहारात शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसली. ओढणी गळ्यात होती. चेहरा सोललेला होता आणि लाल होता, पण उघडा होता.

मग ऊन तापलं. दारात कुलर लागला. निळ्या टॉवेलावर जागोजाग फिकट पांढरे डाग पडले. तो आता आरशावर नसायचा, दोरीवर वाळत असायचा. कानशिलांवरच्या गाठी एकेक करून बसत होत्या आणि मागे तपकिरी ठिपके ठेवत होत्या. तेही जातील, असं मॅडम म्हणाल्या होत्या, वेळ लागेल. कॅप्सूलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं.

त्या दिवशी आनंदराव वाचत बसले होते. आम्रपाली येऊन फळीपाशी उभी राहिली. एक पुस्तक काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं.

"काय पाहिजे?"

"कुछ नहीं." मग पाठमोरीच म्हणाली, "आबाजी, बाटली फेकली का तुमी?"

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. वेणी कोरडी होती, केस भुरभुरत होते. तिचा हात तिच्याही नकळत कानशिलाकडे गेला आणि एका तपकिरी ठिपक्यावर थांबला.

"कावून?"

"सहज. काल तुमी अर्धीच पोळी खाल्ली. परसोंही."

आनंदरावांनी पुस्तक मिटलं. "भूक लागली," ते म्हणाले. "वाढ मले."

ताटावर बसल्यावर त्यांनी पोळी मोडली, वरणात बुडवली. आम्रपाली खांद्यामागून वाकली. साबणाचाही वास नाही, कशाचाच नाही, असा कोरा वारा त्यांच्या कानावरून गेला. त्यांनी घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

ते कॅलेंडरकडे बघत राहिले. मान वळवली नाही. पोळीतून वरण ठिबकायला लागलं. पूर्वी आपण किती वेळ थांबायचो, हे त्यांनी आठवून पाहिलं, आणि जरा जास्तच थांबले.

मागे वाटीत पळी वाजायची थांबली.

"आबाजी?"

"अं?"

"आला?"

"आला," ते म्हणाले.

त्यांनी घास तोंडात घातला आणि चावला. पाण्याचा घोट घेऊन गिळला. दुसरा घास घेतला. अर्धी पोळी संपली, एक संपली. डाव्या हातानं त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"अजून एक दे."

आम्रपाली हलली नाही. ती त्यांच्या डोक्याकडे, कानांकडे, कॅलेंडरवर खिळलेल्या नजरेकडे बघत उभी होती. तेल बंद करून किती दिवस झाले, हे घरात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"वास आला म्हणता?" सुनिता पदराला हात पुसत दारात आली. तिनं हवा हुंगली. "मले तं काही येऊन नाही राहिला. कुलरच्या गवताचा असन."

आम्रपालीनं डब्यातून पोळी काढली, तूप लावलं आणि वाकून आजोबांच्या ताटात ठेवली.

"मले आला, मम्मी," ती म्हणाली.